अकरा पौंडांचं मशीन

एल्म क्रॉसिंग, नेब्रास्का
मंगळवार, १४ जानेवारी १९८६

प्रिय ॲडेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की तसंच शेगडीत टाकशील, मला माहीत नाही. उघडलं असशील तर आधी सांगते, कुणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की पहिलं तेच मनात येतं.

मला शिलाई मशीन घ्यायचं आहे. कुठलं घ्यावं, एवढंच विचारायला लिहितेय. हस, खुशाल हस. शाळेत शिवणाच्या तासाचा माझा एप्रन तू घरी शिवून दिला होतास आणि बाईंनी तो माझा म्हणून वर्गभर फिरवला होता. त्यानंतर मी सुईला हात लावला नाही. पण चर्चमधल्या बायका दर गुरुवारी तळघरात गोधड्या शिवायला बसतात, निर्वासितांना पाठवायच्या गोधड्या, आणि शरद ऋतूपासून मीही जाते. चौकोन कापायचे आणि चौकोनाला चौकोन जोडायचा, मला अजून तेवढंच येतं. तरी दोन तुकड्यांचे कोपरे एकमेकांना बरोबर भिडले की इतकं बरं वाटतं की मी मान वर करून बघते, कुणी पाहिलं की नाही म्हणून. तळघरातली मशीनं चर्चची आहेत. मला माझं हवं आहे.

मर्ल बरा आहे. धान्याच्या कोठारावर आता तोच मुख्य. गावात त्याला मान आहे. काम चर्चचं आहे म्हणून गुरुवारी जायला त्याची ना नाही, गाडीही देतो. परत आले की गाडी किती मैल चालली ते वहीत लिहून ठेवतो. त्याला गाडीची फार काळजी.

तर मशीन. तू लोकांची मशीनं उघडून पुन्हा जोडतेस, तुझ्याइतकं मला माहीत असलेलं दुसरं कुणी नाही. मला हलकं हवंय. एका हातात उचलता यावं, आणि नुसतं टेबलापर्यंत नाही, बरंच लांब नेता यावं. पेटी हवी, कडीची. आवाज फार नको. जुनं चालेल. गोधडीचे तीन थर, वरचं जोडकाम, मधला कापूस आणि खालचं अस्तर, सुईखाली न अडकता जायला हवेत. नवशिक्या बाईला झेपेल असं मशीन असतं का, का मी भलतंच मागतेय?

उत्तर लिहिलंस तर घरी पाठवू नकोस. मेन स्ट्रीटवर मिसेस ओस्टरगार्ड यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या नावे पाठव. आमच्याकडे टपाल उशिरा येतं, म्हणून.

जुनं काही मी उकरत नाही. तूही उकरू नकोस, निदान या वेळी.

रोवेना


गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय ॲडेल,

चार पानं. मी दुकानाच्या मागच्या खोलीत उभ्यानं वाचली. आणि चारही पानांवर मशीनशिवाय एक शब्द नाही. तू अजून तशीच आहेस. रागावलीस की जास्त उपयोगी पडतेस.

तू लिहिलंस तसंच केलं. दुकानातलं कापड घेतलं नाही, माझंच तिपदरी ठिगळ घरून नेलं आणि तीन मशीनवर चालवून पाहिलं. पहिलं नवंकोरं होतं, पांढरं, तीस प्रकारचे टाके घालणारं. एकावर बदकांची रांग शिवता येते. वजनाला हलकं. मी म्हटलं, हेच. मिसेस ओस्टरगार्ड फक्त म्हणाल्या, "चालवून बघ ना." चालवलं. तीन थर सुईखाली गेल्याबरोबर ते टेबलावर मागे सरकायला लागलं, आणि मध्येच टाके गाळले, दात पडलेल्या पोरासारखे.

"बदकं शिवायची आहेत का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तीस टाक्यांचं काय लोणचं घालशील? नवशिकीला एकच टाका लागतो. सरळ. पण तो खोटं बोलणारा नको."

मिसेस ओस्टरगार्ड पंचाहत्तरीच्या आहेत. तोंड असं असूनही दुकान चालतं, कारण त्या कुणाला नको ते गळ्यात मारत नाहीत. दुसरं मशीन लोखंडी, पस्तीस पौंडांचं. त्यानं फळीसुद्धा शिवली असती. पण ते मला दोन्ही हातांनीही नीट उचलेना. मी उचलून बघत होते तेव्हा त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मग मागे गेल्या आणि एक काळी पेटी घेऊन आल्या.

ॲडेल, एवढंसं आहे गं ते. काळं, चाळीस-पंचेचाळीस सालातलं, सोनेरी नक्षी निम्मी पुसलेली. अकरा पौंड. फक्त सरळ टाका. माझं ठिगळ त्याखाली गेलं आणि टाके पडत गेले, सगळे सारखे, आवाज मांजर घुरघुरावं तेवढा. सुई आणि खांब यांच्यात जागा कमी आहे, मोठी गोधडी गुंडाळून ढकलताना घाम फुटेल, हे तूही लिहिलंयस आणि त्यांनीही सांगितलं. फुटू दे. मी त्यांच्याकडची कपड्यांच्या दुरुस्तीची कामं करून देईन, त्या बदल्यात मशीन माझं, असं ठरलंय. "विकलं" अशी चिठ्ठी लावून त्यांनी ते कपाटात ठेवलंय.

तू शेवटी विचारलंयस, "बरंच लांब म्हणजे किती लांब?" म्हणजे आपलं, घरापासून चर्चच्या तळघरापर्यंत. दुसरं कुठे नेणार मी?

एक चूक झाली. परवा जेवताना मी मर्लला सांगून बसले की मशीन घ्यायचा विचार आहे. इतकी खुशीत होते की तोंडातून निघून गेलं. तो रागावला वगैरे नाही. त्यानं सुरी-काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "मशीन?" मी म्हटलं, छोटंसं, हलकं. तो म्हणाला, "रो, तुला यातलं काय कळतं? मी चौकशी करतो."

तो चौकशी करतोय. खोटं कशाला सांगू, तेव्हापासून मला झोप नाही.

रोवेना


मंगळवार, ११ मार्च

प्रिय ॲडेल,

मशीन आलं. मर्लनं आणलं.

शहरातून, ट्रकनं, दोन माणसांनी उचलून. ओकच्या लाकडाचं टेबलासारखं कपाट आहे, आत मशीन बसवलेलं. गुडघ्यानं दाबायची दांडी आहे, ती दाबली की चालतं. दिवा आहे, खण आहेत, सुई आपोआप ओवली जाते. खांबापर्यंतची जागा एवढी की आख्खी गोधडी पसरावी. तू पाहिलंस तर तुझ्या तोंडाला पाणी सुटेल. मशीन चांगलं आहे, ॲडेल. उगाच नाव ठेवून कुणाचं भलं व्हायचं नाही. तीन थर काय, पाच थर घातले तरी हूं की चूं करत नाही.

त्यानं ते मागच्या खोलीत ठेवलं आणि कपाटाचे चारही पाय स्क्रूनं जमिनीत पक्के केले. म्हणाला, शिवताना हलायला नको.

ते आलं त्याच रविवारी, गेल्या महिन्यात, प्रार्थनेनंतर बायका बघायला आल्या. कॉफी झाली, केक झाला. एक म्हणाली, "आमच्या ह्यांनी वाढदिवसाला मला बर्फ ओढायचं फावडं दिलं. तू असं काय पुण्य केलंस?" सगळ्या हसल्या. मर्लही हसला. मीसुद्धा. मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आता रोला त्या ओल्या तळघरात बसायची गरज नाही. घरीच शिवेल आणि गोधड्या मी पोचवीन." बायकांनी माना डोलावल्या. तळघर ओलं आहेच.

तेव्हापासून तीन गुरुवार मी घरी आहे. गाडी दारात आहे आणि वहीतला आकडा हलत नाही.

एक गोष्ट तुला सांगते, ती ऐकून मला वेडी म्हणू नकोस. मशीनचा आवाज घरभर ऐकू जातो. शनिवारी तो स्वयंपाकघरात कोठाराचे कागद घेऊन बसतो आणि मी शिवते. मी कापड फिरवायला थांबले की तिकडून हाक येते, "काय झालं, रो?" दोरा संपला म्हणून थांबले की, "काय झालं?" तो ओरडत नाही. अगदी गोड विचारतो. मी म्हणते, "काही नाही, बॉबीन भरतेय." आणि पटकन सुरू करते. आता मला कधीकधी रिकामंच चालवावंसं वाटतं, विचारू नये म्हणून.

लग्नाच्या एकोणीस वर्षांत त्यानं माझ्यावर हात उगारलेला नाही. हे मी का लिहितेय कळत नाही. तू काही विचारलं नव्हतंस.

हे पत्र मिसेस ओस्टरगार्ड नेतील. नव्या मशीनला तेल-पाणी कसं करायचं ते दाखवायला त्या आल्या आहेत, असं मर्लला सांगितलंय. त्याला त्या चालतात. म्हाताऱ्या आहेत, म्हणून.

रोवेना


गुरुवार, ३ एप्रिल

ॲडेल,

तुझं पत्र मिळालं. या वेळी त्यात मशीनबद्दल एक अक्षर नाही. एकच ओळ, "तू अकरा पौंड कुठे घेऊन जाणार होतीस?"

बरं. ऐक.

आमच्या घरापासून हायवेवरच्या बसथांब्यापर्यंत पावणेदोन मैल आहेत. बस मंगळवारी आणि शनिवारी थांबते, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. डिसेंबरात मी दहा पौंडांची पिठाची पिशवी एका हातात धरून अंगणात गोल फिरायचे, मर्ल कामावर गेल्यावर. शेडभोवती बावीस फेऱ्या म्हणजे एक मैल. हात बदलत बदलत मला पावणेदोन मैल जमायला लागले तेव्हा मी तुला पहिलं पत्र लिहिलं. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. फक्त इतकं कळत होतं की रिकाम्या हातानं गेले तर आठ दिवसांत परत येईन. पोटापाण्याचं काहीतरी हातात हवं. मला येणारं तेवढं एकच होतं, चौकोनाला चौकोन जोडणं, आणि तेही नुकतंच.

आता ते दुसरं. तुला वाटतं, तुझी ख्रिसमसची पार्सलं मी न उघडता परत पाठवली, सलग तीन वर्षं. ती मी पाठवली नाहीत. मला कळायच्या आधीच ती परत गेलेली असायची. आणि ते पत्र, बाबांच्या दफनानंतरचं, "पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नकोस" असं लिहिलेलं, ते मर्लनं सांगितलं आणि मी लिहिलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तू दफनाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाली होतीस ना, की हा माणूस माझ्या बहिणीला साखळीनं बांधून फिरवतो. ते त्याला लागलं होतं. मला त्याहून जास्त लागलं होतं. खरं होतं ना.

पण त्या पत्रातली शेवटची ओळ त्यानं सांगितलेली नव्हती. "तुझ्या घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून तुला दुसरीचा संसार खुपतो." ती ओळ माझी. त्यानं वाचली आणि म्हणाला, हे छान लिहिलंस. नऊ वर्षं ती ओळ मला पाठ आहे. तू तेव्हा एकटी होतीस आणि मला ठाऊक होतं नेमकं कुठे टोचायचं. माफ कर, असं लिहिणं फार स्वस्त वाटतं, म्हणून लिहीत नाही. पण ती ओळ माझी होती, हे तुला माहीत असावं.

तू म्हणशील, सरळ माझ्याकडे डुलूथला ये. नाही. तो पहिल्यांदा तुझ्याच दारात येईल, आणि मला तिथून गोड बोलून घेऊन जाईल. मी जाईनही. मला स्वतःचा भरवसा नाही.

परवा तो मिसेस ओस्टरगार्ड यांच्या दुकानात गेला होता. टोपी हातात घेऊन, अदबीनं विचारलं, "माझ्या बायकोचं टपाल तुमच्याकडे येतं का?" त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बिलं येतात. हवी असतील तर घेऊन जा." तो हसला. पण कपाटाकडे बघून गेला म्हणाल्या. आता पत्र पाठवशील तर साधं पाठवू नकोस. कपड्यांच्या नमुन्यांची पाकिटं येतात ना, तसल्या पाकिटात घाल. वर तुझं नाव नको.

ओमाहाला त्यांची चुलतबहीण आहे, हेल्गा. पडदे शिवायचा छोटा कारखाना आहे तिचा. सरळ टाका येणारी बाई तिला चालते. वर एक खोली आहे. मिसेस ओस्टरगार्ड यांनी बोलून ठेवलंय. मला न विचारता. मी म्हटलं, "आधी विचारायचं तरी." त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, पोरी. आता नाही म्हणायला तुला ओमाहाला जाऊन म्हणावं लागेल."

हे पत्र वाचून जाळ.

रो


ओमाहा
मंगळवार, ६ मे

ॲडेल,

मी निघाले. तीन दिवस झाले. अजून जिन्यावर पाऊल वाजलं की मी श्वास धरते, त्यामुळे लिहायला उशीर झाला.

शनिवार होता. मर्ल जेवून कागद घेऊन बसला. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मशीन सुरू केलं. एक कडा शिवली, थांबले, हाक आली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आता मोठी शिवण घेतेय. आता थांबायचं नाही." मग सुईतला दोरा काढला, बॉबीन काढली, कापड बाजूला केलं, आणि गुडघ्याची दांडी अस्तराच्या पट्टीनं कपाटाच्या पायाला बांधली. अगदी थोडी, हळू चालेल एवढीच. तीन वेळा बांधली. पहिल्यांदा ते इतकं जोरात धावलं की त्याला संशय आला असता. हात इतके गार पडले होते की गाठ बसेना. शेवटी ते बरोबर माझ्या वेगानं चालायला लागलं. मी तशी शिवते, ते मला त्या दिवशी कळलं, बाहेरून ऐकून.

तळघराच्या दारानं बाहेर पडले. पर्स आणि अंगावरचा कोट, बाकी काही नाही. शेताच्या कडेनं चालत गेले. धावले नाही. धावणारी बाई लांबून दिसते. एक गाडी मागून आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलंच नाही. ती कुणा परक्याची होती.

थांब्यावर मिसेस ओस्टरगार्ड आपल्या गाडीत बसल्या होत्या, मांडीवर काळी पेटी. बस येईपर्यंत आम्ही सहा मिनिटं बसलो. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "सुईखालच्या दात्यांमध्ये कापूस अडकतो. दर आठवड्याला ब्रशनं काढ. आळस केलास तर टाके बिघडतील आणि तू मशीनला दोष देशील."

बसमध्ये बसल्यावर मला मर्लची भीती वाटली नाही. भीती वाटली त्या मशीनची. ते चालूच होतं ना. मोटर तापली तर? जळून घराला आग लागली तर? तो आत कागद घेऊन बसलाय आणि मागच्या खोलीतून धूर येतोय, हे मला प्रत्येक थांब्यावर दिसत होतं. दोनदा उठून ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगणार होते. लिंकनला बस वीस मिनिटं थांबली तेव्हा सार्वजनिक फोनपाशी जाऊन उभी राहिले. नाणं आत टाकलं. मग काढून घेतलं.

काल हेल्गाच्या फोनवर मिसेस ओस्टरगार्ड बोलल्या. काही जळलं नाही. मशीन अडीच तासांहून जास्त चाललं. चार वाजता तो कॉफी करून दाराशी घेऊन आला, दार वाजवलं, उत्तर नाही. त्याला वाटलं, आवाजात ऐकू जात नसेल. कप दाराबाहेर ठेवून परत गेला. पाचनंतर दार उघडलं.

तो कप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुष्ट माणसाला सोडून येणं सोपं असेल, ॲडेल. कॉफी आणून ठेवणाऱ्याला सोडून आलं की रात्रंदिवस स्वतःशी भांडावं लागतं.

तो तुझ्याकडे येईल. तुला माझा पत्ता माहीत नाही, हेच खरं सांग. म्हणून पाकिटावर पत्ता घातलेला नाही. रागावू नकोस.

रोवेना


ओमाहा
शनिवार, २० सप्टेंबर

ॲडेल,

सकाळी नऊची गोष्ट आहे, आता दुपारचे दोन वाजलेत.

जुलैत तू येऊन गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, "तो गप्प बसणारा माणूस नाही." तुझ्या दारातून मेमध्ये हात हलवत गेला, तेव्हाच तुला ते वाटलं होतं. मी म्हटलं होतं, दोन-अडीच महिने झाले, आता नाही येत. पण गेल्या महिन्यात बँकेचा एक अर्ज भरताना पत्त्याच्या जागी मी एल्म क्रॉसिंगचा पत्ता लिहिला. सवयीनं, दुसरं काही नाही. अर्जात कामाची जागा ओमाहाची, तीच उत्तरावर छापून आली असणार, आणि उत्तर गेलं त्या घरी, मर्लच्या हातात. हे ध्यानात आलं चार दिवसांपूर्वी. हेल्गाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

आज शनिवारचं जादा काम होतं. हेल्गा धरून आम्ही पाचजणी खाली शिवत होतो. दारात ट्रक लागला. दोन माणसं आत आली, एकाच्या हातात कागद.

"रोवेना हॅल्वर्सन कोण?"

"मी."

"तुमचं सामान आहे. सही करा. कुठे ठेवायचं?"

बाहेर गेले तर ट्रकमध्ये ते ओकचं कपाट. कांबळ्यात गुंडाळलेलं, दोरीनं बांधलेलं, एवढं जपून. आणि ट्रकमागे लावलेल्या आपल्या गाडीतून उतरून मर्ल पुढे आला, इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. थोडा वाळलाय.

"रो, मी म्हटलं तू हे विसरून गेलीस," तो म्हणाला. "स्क्रू मी स्वतः काढले. भोकं बुजवली. आता खोली रिकामीच आहे. तुझं मन असेल तर तूही परत चल आणि हेही, नाहीतर हे इथेच राहू दे. तुझंच आहे."

बघ, किती चांगलं बोलतो. त्या दोन माणसांनासुद्धा तो बरा वाटला, मला दिसत होतं. एकानं तर माझ्याकडे असं पाहिलं की, बाई, याहून काय हवं तुला? आत ठेवून घेणं सोपं होतं. हेल्गाला तसं मशीन मिळालं असतं तर ती नाचली असती. पण ते आत आलं असतं तर शनिवारी तो तेल घालायला आला असता. मग पट्टा बदलायला. मला इतकं स्वच्छ दिसलं ते की मीच घाबरले.

"मला नकोय, मर्ल."

"चांगलं मशीन आहे."

"चांगलं आहे. मला नकोय."

"तू एकदा तरी म्हणालीस का की आवडलं नाही? मला कसं कळणार?"

"मी सांगितलं होतं, मला छोटं हवंय, हलकं. तू म्हणालास, तुला काय कळतं."

हेल्गा दारात येऊन उभी होती, मोठी कात्री तशीच हातात. ट्रकवाल्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बाई, आम्हाला आणखी दोन ठिकाणी जायचंय. उतरवू की नको?"

मला वाटत होतं की आता मी 'उतरवा' म्हणणार. इतक्यांदा म्हटलंय आजवर.

मर्लनं टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, नवल वाटल्यासारखं. म्हणाला, "मग तुला कुठलं हवं होतं?"

एकोणीस वर्षांत त्यानं मला हे पहिल्यांदा विचारलं. काहीही असो, कपाटातलं मशीन असो, पडदे, घर, रविवारचं जेवण, त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि उत्तर वरच्या खोलीत टेबलावर होतं, खिडकीतून दिसलंही असतं. तो वाट बघत उभा राहिला. तोंडावर खरा प्रश्न होता, डाव नव्हता. मला त्याची दया आली.

मी सांगितलं नाही.

त्या दोघांना म्हटलं, "नका उतरवू. परत न्या." त्यांनी दोरी पुन्हा आवळली. मर्लनं टोपी घातली आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. गाडी लगेच सुरू झाली नाही. मी आत जाऊन माझ्या जागेवर बसले. बाकीच्या तिघींनी माना खाली घातल्या होत्या आणि सगळी मशीनं एकदम चालू झाली, मला ऐकू येऊ नये म्हणून. गाडी कधी गेली ते मला कळलं नाही.

तो परत येईल का? येईलही. हेल्गानं दाराला नवी कडी लावायला माणूस बोलावलाय. तिला आता सगळं सांगितलं. तुलाही सांगते आहे, या वेळी त्याच दिवशी.

अर्धा राहिलेला पडदा मी तासाभरात संपवला. सगळे टाके वाकडे आले. उसवून पुन्हा शिवतेय.

तुझी,
रोवेना